क्लास चुकला

"क्लास चुकला म्हण की," अप्पा म्हणाले.

मी खोलीच्या दारातच थबकले. अप्पा माझ्या कॉटच्या कडेवर बसले होते, अर्धे कॉटवर आणि अर्धे हवेत. लेकीच्या गादीला ग्रीस लागू नये म्हणून ते कायम असेच बसायचे. उदगीरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. अंगावर खाकी तशीच होती, म्हणजे ड्यूटी संपल्यावर घरी न जाता त्यांनी थेट लातूरची गाडी धरली होती. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि त्या वेळी मी देवणे सरांच्या क्लासात असायला हवं होतं.

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मी वसीमभाईच्या नेट कॅफेतून येत होते.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"दिवाळीपासून!" अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन् आमाला कळू बी दिलं न्हाईस."

"तुम्ही रागवाल म्हणून."

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. मग अप्पांचा आवाज आला, तोही नेहमीचा नव्हे.

"मी एवढा वाईट हाय का गं? पोटच्या पोरीला सांगायची भीती वाटावी एवढा?"

मी वर बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले. अप्पांना मी तोवर फक्त आजी गेली तेव्हा रडताना पाहिलं होतं. मला इतकं कसनुसं झालं की मीही रडायला लागले. "चुकलं माझं, अप्पा," मी म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. त्या सगळ्या प्रकरणातलं माझं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

"रडायलीस कशाला? तुझं काय चुकलं? क्लासच चुकला. बदलू आपण."

बदलू?

तेव्हा कुठं माझं लक्ष त्यांच्या मांडीवर गेलं. तिथं माझी वही होती. हाताचे डाग लागू नयेत म्हणून रुमालात धरलेली, आणि नेमकी त्या पानावर उघडलेली.

आता त्या वहीचं सांगायला हवं. मी तेव्हा बारावीला होते, डॉक्टर होण्यासाठी लातूरला ठेवलेली. लातूरला डॉक्टर होण्यासाठी मुलं ठेवतात, लोणचं मुरायला ठेवावं तशी. आणि मला वेड होतं एका खेळाचं. कॉम्प्युटरवरचा, राजे, राक्षस, जंगलं आणि जादूटोणा यांचा खेळ. त्यात सुरुवातीलाच क्लास निवडावा लागतो. योद्धा, चोर, मांत्रिक, वैद्य. एकदा निवडला की अख्खा खेळ, म्हणजे दोन-तीन महिने, तुम्ही तेच. आम्हा मराठी खेळाडूंचा नेटवर एक गट होता, एकेचाळीस जणांचा. बहुतेक मुलगे. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून वैद्य करून टाकलं होतं. ते पुढं जाऊन हाणामाऱ्या करायचे आणि मी मागं उभी राहून त्यांच्या जखमा बुजवायची. गटात माझं नावच 'वैदू' होतं.

त्या वर्षी खेळाचा पुढचा भाग येणार होता. कंपनीनं जगभरच्या खेळाडूंना विचारलं होतं, नव्या भागात काय हवं ते कळवा. झालं! आमच्या गटात लग्नघरासारखी धांदल उडाली. एक म्हणाला, क्लास ही भानगडच नको, माणूस जे करील ते त्यानं व्हावं. दुसरा म्हणाला, पर्याय खरे द्या. राजा काम सांगतो तेव्हा 'हो' आणि 'नम्रपणे हो' एवढंच बोलता येतं, ह्याला काय निवड म्हणायची? पुण्याचा हर्षद म्हणून एक होता, तो इंग्रजीत पत्र पाठवणार होता. पण मसुदा मराठीत आणि वैदूनं लिहायचा असं ठरलं, कारण निबंधात मार्क मला मिळायचे.

मी तो मसुदा जीव ओतून लिहिला. अभ्यासाच्या वहीत, जीवशास्त्राच्या मागच्या पानांवर. तोवर नव्या भागाची चाखायला म्हणून काही दिवसांची मोफत आवृत्ती निघाली होती. ती खेळल्याशिवाय लिहायचं कसं? वसीमभाईचं कॅफे दुपारी रिकामं असायचं आणि दुपारी देवणे सरांचा क्लास असायचा. दिवाळीनंतरचे एकोणीस दिवस मी क्लासला गेलेच नाही.

मराठीत गाडी चुकते आणि गणितही चुकतं. मी गाडीबद्दल कबुली दिली होती आणि अप्पांनी गणित ऐकलं होतं.

"अप्पा, ते वहीतलं..." मी म्हणाले.

"लाजू नको. मी दोनदा वाचलो. पैल्यांदा समजलं न्हाई, दुसऱ्यांदा समजलं." त्यांनी पानावरून लांबूनच बोट फिरवलं. "सरांनी कंडक्टरकडं निरोप धाडलता, एकदा येऊन जा म्हणून. मला वाटलं पोरगी मागं पडायली असंल. म्हणलं आधी लेकराला भेटावं, मग सरांकडं जावं. तू न्हवतीस. वही हुती."

आता सांगायचं, असं मी ठरवलं. अगदी तोंड उघडलं. मग मनात हिशेब झाला. हे सांगितलं की एकोणीस दिवस सांगावे लागणार, वसीमभाईचं कॅफे सांगावं लागणार, आणि ज्या डोळ्यांत आता माझ्यासाठी पाणी आहे त्यांत काय येईल ते बघावं लागणार. न सांगितलं तर अप्पा माझ्या बाजूचे.

त्या मसुद्यात मी एक मागणी अशीही लिहिली होती: 'संवादात गप्प राहण्याचाही पर्याय हवा, आणि त्याचेही परिणाम व्हायला हवेत.'

मी गप्प राहिले.

अप्पा लातूर डेपोच्या विश्रांतीखोलीत झोपायला गेले आणि सकाळी सातला मला घ्यायला आले. दाढी करून, कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट घालून. देवणे सरांच्या क्लासापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांत मी निदान चार वेळा तोंड उघडलं असेल. एकदा अप्पांनी विचारलं, "भूक लागली का?" आणि पोह्यांच्या गाड्यापाशी उभे राहिले. मी पोहे खाल्ले. सगळे खाल्ले, हे मला अजून आठवतं.

क्लासाच्या दाराशी पाच पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर अप्पा जून महिन्यात सहा सकाळी येऊन बसले होते. प्रवेश संपलेले, जागा भरलेल्या, यादी लागलेली. अप्पा उदगीरहून पहिल्या गाडीनं यायचे, पायरीवर बसायचे, सर आले की उठून नमस्कार करायचे, सर आत गेले की परत बसायचे आणि दहाच्या गाडीनं ड्यूटीवर जायचे. तोंडानं काही मागायचे नाहीत. सहाव्या सकाळी सर म्हणाले, "अहो बिराजदार, बाक एकही शिल्लक नाही. पोरगी बसणार कुठं?" अप्पा म्हणाले, "उभी ऱ्हाईल की." सर हसले. म्हणाले, "पोरगी कशाला? मी राहतो." आणि फळ्याजवळची स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवली. सरांचा उजवा गुडघा गेलेला होता. आधी ते बसून शिकवायचे. माझ्यासाठी ते जूनपासून तीन-तीन तास उभे होते.

आम्ही आत गेलो तेव्हा सर फळा पुसत होते. सकाळची मुलं यायला अवकाश होता. रांगेच्या टोकाला ती खुर्ची होती, जिथल्या तिथं. एकोणीस दिवसांत सरांनी ती परत घेतली नव्हती.

"या बिराजदार. बसा."

"बसाया न्हाई आलो, सर." अप्पांचा आवाज थरथरत होता. साहेबलोकांशी मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती. डेपो मॅनेजरशीही ते जमिनीकडं बघून बोलायचे. "माझी लेक तुमच्या क्लासात वाळून चालली."

सर फडकं हातात घेऊन थांबले. टेबलावर हजेरीची वही उघडीच होती. माझ्या नावापुढं गैरहजेरीच्या गोलांची रांग मला तिथूनही दिसत होती.

"मी त्याचसाठी निरोप धाडला होता," सर म्हणाले. "दिवाळीपासून ही..."

"दिवाळीपासूनच! तीच म्हणली. घाबरून सांगितली न्हाई. तुमी शंभर लेकरं एका जागी कोंडता, सर. त्यातल्या एकाच्या तोंडाकडं कधी बघता का?"

"म्हणजे? मला समजलं नाही."

अप्पांनी रुमाल सोडला, वही उघडली आणि चष्मा नसल्यामुळं लांब धरून वाचायला लागले. शाळेत उभं करून वाचायला लावल्यासारखे, एकेका शब्दावर थांबत.

"'काहीच कळत नसतं त्या वेळी क्लास निवडायला लावतात. एकदा निवडला की सुटका नाही. क्लास बदलण्याची सोय हवी आणि बदलणाऱ्याला कमीपणा वाटू नये. मला वैद्य व्हायचं नव्हतं. सगळ्यांना कुणीतरी वैद्य लागतो, म्हणून मला केलं. मी कायम दुसऱ्यांच्या मागं उभी.'" अप्पांनी मान वर केली. "सतरा वर्षांची पोर हाय, सर. असं लिहिती."

त्यापुढं काठीबद्दल होतं. वैद्याला निदान एक काठी तरी द्या, असं. ते अप्पांनी सोडून दिलं. नंतर मला म्हणाले, ताणानं तू तिथं जरा बरळलीस.

सरांनी हात पुढं केला. "बघू."

अप्पांनी वही दिली. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचायला लागले. अप्पांनी वाचलं तेवढं वाचलं, आणि थांबले नाहीत. पान उलटलं. तिथं काठी होती. त्यापुढं राक्षस होते, दलदलीतला किल्ला होता, पाचव्या पातळीपर्यंत सगळे क्लास चाखू द्यावेत ही मागणी होती. सगळ्यात खाली 'आपले विश्वासू, एकेचाळीस खेळाडू' असं ठळक अक्षरात होतं. सरांचे डोळे त्या शेवटच्या ओळीवर टेकलेले मी पाहिले.

त्यांनी वही मिटली. माझ्याकडं बघितलं. मग अप्पांकडं बघितलं, त्या उसन्या शर्टाकडं, दाढी करताना हनुवटीवर कापलेल्या जागेकडं.

"प्रतीक्षा," सर म्हणाले, "हे तू क्लासबद्दल लिहिलंस ना?"

"हो, सर."

"माझ्या क्लासबद्दल?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. दार सताड उघडून, बाजूला सरून उभं राहावं तशी. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. मला वाटतं, मी नाही म्हणाले असते तर त्या माणसानं पुढचं सगळं सावरून घेतलं असतं. अप्पांना समजावलं असतं, मला दोन शब्द बोलले असते आणि दुपारच्या तासाला त्या खुर्चीत बसवलं असतं.

"हो, सर," मी म्हणाले.

सरांनी टेबलावरची हजेरीची वही हळूच बंद केली. मग लंगडत रांगेच्या टोकाशी गेले आणि माझ्या खुर्चीत बसले. जूननंतर पहिल्यांदाच.

"मग चूक माझीच आहे, बिराजदार," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

अप्पा वाद घालायच्या तयारीनं आले होते. समोरचा एका वाक्यात हरला म्हटल्यावर त्यांना काय करावं ते कळेना. त्यांनी हात जोडले. सरांनीही जोडले. आम्ही पाच पायऱ्या उतरलो आणि माझं सामान बांधून दुपारच्या गाडीनं उदगीरला आलो.

पुढं फारसं काही घडलं नाही, असंच म्हणायला हवं. मी गावातूनच बारावी दिली, बेताची पास झाले. डॉक्टर व्हायचं बारगळलं. कॉम्प्युटर शिकले, पुण्याला आले, नोकरी लागली. अप्पांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. उलट पाहुण्यारावळ्यांत सांगायचे, "पोरांना विचारावं. आपलंच घोडं पुढं दामटू नये. मी येळंवर वही वाचलो, म्हणून माझी पोर वाचली." लोक माना डोलवायचे. मी चहा आणायला आत जायची.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या शांताबाईंनी त्यांच्या पूनमसाठी देवणे सरांच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचं ठरवलं. उशीर झाला होता, पण सर घेतात, असं सगळ्या उदगीरला अप्पांमुळं माहीत झालेलं. पूनम माझ्यापेक्षा हुशार होती आणि तिला खरोखरच डॉक्टर व्हायचं होतं. लहानपणी कोंबडीच्या पायाला चिंधी बांधायची ती पोरगी. शांताबाई आठ दिवस बसल्या. नवव्या दिवशी परत आल्या त्या आमच्याच ओट्यावर टेकल्या.

"न्हाई म्हणले गं, बाई."

"जागा नसंल," आई म्हणाली.

"जागा कुठं मागायलते मी? म्हणलं, एक खुर्ची टाका कडंला, बिराजदारांच्या पोरीला टाकली तशी. तर म्हणले, ज्यादा खुर्ची आता ठेवत नाही. एकदा ठेवली. चुकलो."

मी आतल्या खोलीत कणीक मळत होते. परातीत हात तसेच राहिले.

पूनम आता गावातच शिवणाचे क्लास घेते. कधी भेटली की हसते, विचारते, "ताई, तुमच्या गेमचं कसं चाललंय?" तिला काहीच माहीत नाही.

गेमचं बरं चाललंय. मी खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे आणि माझं काम काय, तर क्लास ठरवणं. कोणता क्लास, त्याला काय येतं, काय येत नाही. नवा खेळ जाहीर झाला की खेळाडूंची पत्रं येतात, पोतंभर. क्लास बदलता यायला हवा, हे दर दुसऱ्या पत्रात असतं. आमच्या खेळात बदलता येतो. मी भांडून ते करून घेतलं. फक्त एक गोष्ट मी त्यात घातली आहे. ज्या गुरूला सोडून तुम्ही जाता, त्याच्या घरात त्यानंतर एक रिकामी खुर्ची दिसते. गुरू तिच्याशेजारी उभा राहून बाकीच्यांना शिकवत असतो. त्यावरही पत्रं येतात. खुर्चीवर क्लिक केलं तर काहीच होत नाही, ही चूक दुरुस्त करा, असं. आम्ही उत्तर पाठवतो, ती चूक नाही.

गेल्या मार्चमध्ये अप्पा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच निवांत राहायला माझ्याकडं आले. येताना पिशवीतून तूरडाळ, आईनं दिलेली शेंगाचटणी आणि तळाशी, रुमालात बांधलेली, ती वही.

"घरी वाळवी लागायली कपाटाला," ते म्हणाले. "हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तुज्या पोरांना दाखव पुढं."

मी वही हातात घेतली. इतक्या वर्षांत तिच्यावर ग्रीसचा एक डागही पडलेला नव्हता.

"देवणे सर भेटलते," अप्पा म्हणाले. "लातूरच्या स्टँडवर. लई थकले. काठी घेऊन चालतात. मीच जाऊन पाया पडलो. म्हणलं, सर, त्या दिवशी मी जास्तीच बोललो."

"मग?"

"काही न्हाई. तुझं विचारले. म्हणलं, पुण्याला हाय, गेम बनविती. तर हसले. म्हणले, वैद्याला काठी दिली का, विचारा तिला." अप्पा माझ्याकडं बघत राहिले. "म्हातारपणामुळं जरा बरळतात वाटतं. मला काय समजलं न्हाई."

मी खाली बसले. सांगायचंच, असं मी ठरवलं. मनातल्या मनात वाक्यही जुळवलं. एकोणीस दिवस, वसीमभाईचं कॅफे, एकेचाळीस खेळाडू.

"अप्पा, त्या वेळी ना..."

"व्हय?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. निवृत्तीनंतर स्वच्छ झालेला, तरी नखांच्या कडा काळ्याच असलेला हात. चेहऱ्यावर तेच होतं, पाहुण्यांना गोष्ट सांगताना असतं ते. आयुष्यभर जमिनीकडं बघून बोललेल्या माणसानं एकदाच मान वर करून कुणाला तरी जाब विचारला होता, तो माझ्यासाठी.

"त्या वेळी काय?" ते म्हणाले. "क्लास चुकलता, हेच ना?"

"हो, अप्पा," मी म्हणाले. "चुकला होता."